वन्संची गाळणी

माझ्या नणंदेचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर आणायची, त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि गप्प उभं राहायचं, असा तिथला रिवाज. वन्सं आधी मोटरीचा वास घेतात. खरंच, नाक लावून. मग म्हणतात, "पंप कोरडा चालवलात." किंवा, "एक फेज गेली होती, तरी रेटलीत." गिऱ्हाईक आधी नाही म्हणतं आणि मग जमिनीकडे बघतं. वन्संच्या हातून गेलेली मोटर आणि तोंडून गेलेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत, असं आमच्या गल्लीत म्हणतात.

सासऱ्यांची दृष्टी गेली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पाठीवरचा भाऊ तेरा वर्षांचा. त्यांनी दुकानाचं शटर उचललं ते आजतागायत उचलतायत. लग्न जमलं नाही आणि त्यांनी जमवलंही नाही. बोटांना वार्निशचा पिवळेपणा कायमचा, चष्म्याच्या काड्यांना मागून बांधलेली सुती दोरी आणि बोलणं मोजकं. जो काही शौक तो दुकानाच्या वरच्या खोलीत. तिथे त्यांचा रेडिओ सेट. गाणी ऐकायचा नव्हे, हौशी लोक एकमेकांशी बोलतात तो. एक मामा जहाजांवर तारायंत्र चालवायचे, त्यांनी दोन्ही भाचरांना टिकटिकीची भाषा शिकवली. भाऊ पुढे समुद्रावर गेला, बहीण तारा गुंडाळत राहिली. पण भाऊ जिथे असेल तिथून दुपारी साडेतीनला बहिणीला हाक मारायचा, हा नेम कधी चुकला नाही.

तो भाऊ म्हणजे माझे यजमान. आमच्या गावात शिडाच्या लहान बोटी बांधायचा कारखाना आहे. बोट तयार झाली की ती गिऱ्हाइकाच्या बंदरापर्यंत पोचवायची, हे ह्यांचं काम. सोबत एक जोडीदार, दहा-बारा दिवसांचा प्रवास. मी शाळेत गणित शिकवते. तीनला शाळा सुटली की मी वन्संच्या वरच्या खोलीत जायची, त्या खुर्चीवर, मी स्टुलावर. हे आपला ठावठिकाणा सांगायचे, वारा सांगायचे, जेवलो म्हणायचे. खरं सांगते, मला तो सेट आवडत नसे. बॅटरी वाचवायची म्हणून दोघं बरेचदा टिकटिकीतच बोलायचे, मध्येच वन्सं हसायच्या आणि मी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, आमचं आपलं जुनं." बावीस वर्षं संसार केला, पण त्या खोलीत मी पाहुणीच होते.

त्या खेपेला हे रविवारी निघाले. बुधवारपर्यंत सगळं ठीक होतं. बुधवारी रात्री समुद्रावर वादळ उठलं. आमच्याकडेही पत्रे उडाले. गुरुवारी साडेतीनला वन्संनी सेट लावला, तर आत नुसती घरघर.

"वादळानंतर हवा अशीच असते," त्या म्हणाल्या. त्यांनी ह्यांना हाक मारली. वाट पाहिली. पुन्हा हाक मारली. चार वाजले.

"बॅटरी भिजली असेल," त्या म्हणाल्या.

शुक्रवारीही तेच. शनिवारीही. बंदर कचेरीनं शुक्रवारपासूनच शोध सुरू केला होता. बुधवारचा शेवटचा ठावठिकाणा वन्संच्या वहीत होता, तो घेऊन त्यांच्या लाँची फिरत होत्या. रविवारी सकाळी तिथले अधिकारी स्वतः दुकानात आले. भला माणूस, टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत शोधू. त्यापुढे मला लाँची ठेवता येणार नाहीत."

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वन्सं हातातल्या मोटरीच्या स्टेटरच्या खाचेत कागद सरकवत होत्या, तो सरकवतच राहिल्या.

त्या दुपारी साडेतीनला वन्संनी नेहमीप्रमाणे हाका मारल्या. उत्तर नव्हतं. त्या सेट बंद करायला गेल्या तसा मी त्यांचा हात धरला.

"मला बोलायचंय."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात दिला आणि बटण दाबायचं कसं ते दाखवलं. मी काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

"अहो," मी म्हणाले, "ऐकताय का? मला तुमचा फार राग आलाय. इथे सगळे तुम्ही गेल्यासारखे बोलतात. कारखान्याचा मालक येऊन गेला, त्यानं तर डोळेसुद्धा पुसले. हे बघा, परत आलात तर मी तुमच्याशी आठ दिवस बोलणार नाही. मोजून आठ दिवस."

बटण सोडलं. घरघर. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या बर्फाच्या कारखान्याच्या टाकीपर्यंत त्यांची एरियल ताणलेली होती, त्या तारेकडे. मी उठून घरी आले.

सोमवारी सकाळी मी शाळेत जायला निघाले होते तर वन्सं आमच्या दारात उभ्या. कामाच्या दिवशी दुकान टाकून त्या कधी आलेल्या मला आठवत नाहीत. चष्मा कपाळावर, श्वास लागलेला.

"मास्तरीण, चल. आत्ता चल."

वर नेऊन त्यांनी सेट लावला. घरघरीच्या आतून एका बाईचा आवाज येत होता. कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढायचा ते ती सांगत होती.

"हे काय?"

"तेच तर! ही बाई इथे असूच शकत नाही. ही मीडियम वेव्हवरची आहे. हा आपला चाळीस मीटरचा पट्टा, तिच्यापासून कोसभर लांबचा. आणि बघ," त्यांनी चकती फिरवली, "इथेही ती. इथेही. सगळीकडे ती!"

मला काही कळलं नाही. त्यांनी मला खांद्याला धरून मागच्या खिडकीशी नेलं. गिरणीमागच्या टेकडीवर तीन महिने एक लोखंडी मनोरा उभा होता. नवीन रेडिओ केंद्राचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

"तो सुरू झालाय," वन्सं म्हणाल्या. "मी गल्लीत विचारून आले. गुरुवारी सकाळपासून चालू आहे. चार दिवस नुसती चाचणी होती, बोलणं नाही, गाणं नाही, म्हणून मला कळलं नाही. आज कार्यक्रम सुरू झाले तेव्हा ही बाई ऐकू आली."

गुरुवार. त्याच दिवसापासून ह्यांचा आवाज बंद होता.

"अगं, तुझ्या वर्गात कुणी तुझ्या कानाशी भोंगा धरून ओरडायला लागलं, तर शेवटच्या बाकावरचं पोर काय म्हणतंय ते तुला कळेल? पोर गप्प नसतं. तुझे कान बधिर झालेले असतात. धाकटा गप्प नसेल, मास्तरीण. मीच बहिरी झाले असेन."

"असेन म्हणजे? नक्की नाही?"

"तेच बघायचंय. ही घाण मनोऱ्यातूनच आपल्या पट्ट्यावर येत असेल तर संपलं, माझ्या हातात काही नाही. पण ती माझ्या सेटच्या पोटात तयार होत असेल, तर मी तिला दारातच अडवू शकते."

त्यांनी एक लहान डबी काढली. एरियलमधून येणारं सगळंच ठरावीक प्रमाणात दाबून टाकणारी. "आता ऐक. डबी लावल्यावर घाण ठरलेल्या मापानंच कमी झाली तर ती बाहेरची. त्याहून जास्त कमी झाली तर आतली." त्यांनी सेटच्या काट्यावर नजर ठेवली आणि खटका दाबला.

बाई नाहीशी झाली. दबकी झाली नाही, साफ गेली.

"आतली," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "आतली आहे. गाळणी लागेल."

त्या तिला प्रीसिलेक्टर म्हणायच्या. मी गाळणीच म्हणते. एरियल आणि सेट यांच्या मध्ये ती बसवायची. आपल्या पट्ट्यातलं तेवढं आत सोडायचं, बाकीच्याला दार बंद. वन्संनी हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते आतल्या भागातल्या शहरात राहायचे आणि बुधवारच्या वादळात त्यांची एरियल आडवी झाली होती, म्हणून त्यांनाही चार दिवस काही ऐकू आलं नव्हतं.

"माझ्याकडे तयार गाळणी आहे," ते म्हणाले. "आज पाठवली तर बुधवारी पोचेल."

"मंगळवारी सहाला शोध थांबतोय."

"मग बनवा. पण एकाच कॉइलची बनवा. सोपी होते आणि आपला सिग्नल कमी खाते. दोन कॉइलची जुळवत बसलात तर दिवस जाईल."

"मनोरा माझ्या डोक्यावर आहे हो. एका कॉइलनं काय अडणार? फटीतून शिरेल."

"जुळली नाही तर तुमचा भाऊही अडेल, एवढं लक्षात ठेवा."

वन्संनी फोन ठेवला आणि दोन कॉइलची बनवायला घेतली. सेट उचलून गावाबाहेर न्यावा असं मी सुचवलं. पण तेवढी उंच एरियल बांधायला दोन दिवस लागले असते, आणि बुटक्या तारेवर एवढ्या लांबचं काय ऐकू येणार? मग मी म्हणाले, "मी केंद्रावर जाते. दहा मिनिटं बंद ठेवा म्हणते. माणसंच आहेत ना ती?"

केंद्रावर ड्यूटीवर एकच इंजिनियर होता. पंख्यासारखी घरघरणारी मोठाली कपाटं, मधोमध टेबल, टेबलावर त्याचा डबा. मी सगळं सांगितलं. त्यानं मुख्य कचेरीला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" करत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"लेखी अर्ज द्या म्हणतात. गुरुवारी बैठक आहे."

"गुरुवारी मला काय त्याचा उपयोग?"

"बाई, बटण माझ्या हातात आहे. अधिकार नाही."

मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्यानं मागून विचारलं, "तुमच्या वन्सं गाळणी करतायत म्हणालात. त्यांच्याकडे दोन खणांचा गँग आहे का?"

"ते काय असतं?"

तो मागच्या अडगळीतून एक मोडीत काढलेला जुना रेडिओ घेऊन आला, त्याचं मागचं झाकण उघडलं आणि आतून पाकळ्या-पाकळ्यांचं एक धातूचं यंत्र सोडवून काढलं. दांडा फिरवला की पाकळ्या एकमेकींत शिरत. "एका दांड्यावर दोन खण. दोन्ही कॉइल एकदम जुळवता येतील. पाकळ्यांना हात लावू देऊ नका कुणाला," असं म्हणून त्यानं ते आपल्या डब्याच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी त्याला धन्यवादही म्हटलं नाही. मनात एवढंच होतं की बटण त्याच्या हातात होतं.

वन्संनी गँग पाहिला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. औषधाच्या गोळ्यांच्या दोन प्लास्टिकच्या नळ्या त्यांनी आधीच घेतल्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड. त्यांवर तांब्याची तार गुंडाळायची. आयुष्यभर हजारो वेढे घातलेली बाई, पंधरा-पंधरा वेढ्यांसाठी घाम पुसत होती. "मोटरीत दोन वेढे कमी-जास्त चालतात," त्या पुटपुटल्या. "इथे अर्धासुद्धा नाही." दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी दोन खण केले, मध्ये भिंत. एक कॉइल दुसरीला दिसायला नको. भिंतीतल्या एका लहानशा भोकातून दोन्ही कॉइलना जोडणाऱ्या दोन वायरी. त्यांची तांब्याची टोकं एकमेकींना जोडली नाहीत, आवरणासकट नुसता पीळ घातला. तेवढ्या पिळातूनच सिग्नल एका कॉइलमधून दुसरीत उडी मारणार.

शेवटी त्यांनी एक मोठा खटका बसवला आणि मला बजावलं. "हे नीट ऐक. ऐकताना गाळणी मध्ये असते. बोलताना ती बाहेर काढायची. विसरले आणि टिकटिकीची की दाबली, तर माझ्याच सेटची ताकद हिच्यातून जाईल आणि हे सगळं जळून कोळसा होईल. मला आठवण करायची, तुझ्यावर सोडते."

सव्वातीनला गाळणी लागली. वन्संनी दांडा फिरवला. मनोरा गेला. शाईचे डाग गेले, घरघर गेली. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

साडेतीन वाजले. आम्ही दोघी वाकून बसलो. काही नाही. पाऊण तास काही नाही. वन्संनी खटका पाडून हाका मारल्या, खटका उचलून ऐकलं, पुन्हा, पुन्हा. शांतता.

सव्वाचारला माझा तोल गेला. "तुमच्या गाळणीनं त्यांनाच गाळून टाकलं! एक कॉइल लावा म्हणत होते ना ते? तुम्हाला कधी कुणाचं ऐकायचंच नसतं."

वन्संनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "बोल," त्या म्हणाल्या. "आणखी काही असेल तर बोल." खाली शटरवर कुणीतरी पंप घेऊन ठोकत होतं. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

मंगळवारी मी रजा टाकली. सकाळी आठला गेले तर वन्सं सेटसमोरच होत्या. रोज आठला आजूबाजूच्या गावांतले सात-आठ हौशी या पट्ट्यावर एकमेकांना हाका मारतात. वादळानं अर्धे गप्प होते, पण तिघे-चौघे होते, दुपारी कामावर जाणारे. नेहमी ते खणखणीत यायचे म्हणे. आज विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे.

"सेक्रेटरी बरोबर होते," वन्सं म्हणाल्या. "खातेय ही. पण एका कॉइलवर मी जाणार नाही. कमी आहे तो पीळ." त्यांनी हेडफोन चढवले, एक हात दांड्यावर ठेवला, दुसरा सेटच्या चकतीवर. "माझे दोन्ही हात अडकलेत. वायर तू पीळ. एक एक. मी सांगते तशी."

मी डब्यात बोटं घातली. केसांइतक्या नाजूक वायरी.

"एक पीळ घाल."

घातला. त्यांनी दांडा किंचित फिरवला, ऐकलं. "वाढला. अजून एक."

"अजून?"

"अजून. श्वास रोखून धर." मी श्वास रोखला. "अजून एक. अजून... थांब! बाई आली परत. अर्धा उलगड."

मी अर्धा पीळ उलगडला. वन्संनी डोळे मिटले. मग त्यांनी हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला. कुणीतरी दुसऱ्या गावातून आपल्या छपराची कथा सांगत होता. शेजारी बसल्यासारखा.

"हात काढ हळूच," वन्सं म्हणाल्या. "आणि आता डब्याला कुणी शिवायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

तिथून साडेतीनपर्यंतचा वेळ गेला तो कसा गेला हे विचारू नका. मी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो निवला. वन्संनी खाली जाऊन शटरला आतून कुलूप घातलं. तीन वीसला त्या खुर्चीत बसल्या, पेन्सिलीला टोक काढलं, वही सरळ केली. तीन तीस. तीन एकतीस. तीन चौतीस.

वन्संची पेन्सिल हलली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं?"

त्यांनी डावा हात वर केला, गप्प. मी कान हेडफोनला लावला. फार लांबून, एखादा किडा लाकूड पोखरतोय तसा आवाज. टिक, टिक, टीऽऽ.

"त्याचाच हात," वन्सं कुजबुजल्या. "शेवटची रेघ ओढतो बघ, लांबच लांब. मामा छडी मारायचे त्याच्यासाठी." त्या लिहीत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. दोघे जिवंत. डोलकाठी गेली. मोडक्या काठीला तार बांधून बोलतोय. जोडीदाराचा हात मोडला. पाणी दोन दिवसांचं. वाहत चाललोय. रोज हाक मारतो. तुमचं रोज ऐकतो.

आणि मग, आठ दिवस कबूल.

मी तोंडावर हात दाबला. ओरडले असते तर वन्संना ऐकू आलं नसतं. ते सगळं ऐकत होते. गुरुवारपासून रोज. त्यांच्याकडे आमचा शब्दन्‌शब्द जात होता आणि त्यांचं इथपर्यंत येत नव्हतं. मी माइकवर त्यांना रागवत होते तेव्हा ते तिकडे उत्तर देत बसले होते.

"रडू नकोस, ठावठिकाणा येतोय," वन्सं म्हणाल्या.

आकडे आले. पहिले दोन, मग पुढचे. मध्येच आवाज बुडाला आणि वर आला. वन्संच्या वहीत एक जागा रिकामी राहिली आणि शेवटच्या आकड्यावर प्रश्नचिन्ह. त्या चटकन कीकडे वळल्या, पुन्हा सांग म्हणायला, हात खाली येतच होता.

"गाळणी!" मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

खटका वरच होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. वन्संनी खटका पाडला, की दाबली, फक्त तेवढेच आकडे पुन्हा मागितले आणि खटका उचलला.

आता आवाज आणखी बारीक झाला होता. सुरुवातीला सरळ, मग घसरत जाणारा. "बॅटरी संपतेय," त्या म्हणाल्या. पहिला आकडा, दुसरा, रिकामी जागा भरली. शेवटचा आकडा राहिला. चार टिंबं आणि एक रेघ म्हणजे चार. पाच टिंबं म्हणजे पाच. चार टिंबं आली. आणि पुढे काहीतरी आलं. आलं ते बुडता बुडता आलं. मग काहीच नाही.

"चार की पाच?" मी विचारलं.

वन्संनी पेन्सिल उचलून धरली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. गणिताच्या हिशेबानं मला ठाऊक होतं, त्या एका आकड्यावर समुद्राचं केवढं अंतर पडतं.

"चार," त्या म्हणाल्या. "टिंब असतं तर तुटलं असतं. हे ओढलं होतं त्यानं." आणि त्यांनी लिहिलं, ठळक.

बंदर कचेरीला मीच फोन केला, वन्सं अजून हेडफोन लावूनच बसल्या होत्या. तीन बावन्न झाले होते. अधिकाऱ्यांनी आकडे उतरवून घेतले आणि म्हणाले, "एवढं उत्तरेला? तिकडे प्रवाह जात नाही हो. आम्ही दक्षिणेला शोधतोय."

वन्संनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "साहेब, प्रवाहाला तुमचा कागद मिळाला नसेल. माझा भाऊ तिथे आहे."

तासाभरानं त्यांचा फोन आला. त्या बाजूनं एक मालवाहू जहाज चाललं होतं, त्याला वळवलं होतं. पुढच्या सकाळी नऊच्या सुमारास जहाजावरच्या माणसांना बोट दिसली. आकडा चारच होता. बोट ओढून आणता येईना, ती तिथेच सोडावी लागली. माणसं मात्र दोन्ही वर घेतली. अधिकारी हे सांगायला फोन न करता स्वतः आले, या खेपेला टोपी डोक्यावर होती.

हे घरी आले ते आठवड्यानं, गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मी आठ मिनिटंसुद्धा गप्प राहू शकले नाही.

वन्संचं मात्र उलटं झालं. ते पाच-सहा दिवस त्या लोखंडासारख्या होत्या. भाऊ दारात आला तेव्हाही त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि "जा, आंघोळ कर" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाला जळालेली मोटर घेऊन आला. वन्संनी वास घ्यायला मान खाली घातली आणि तशाच बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. गिरणीवाला घाबरून मला बोलवायला आला.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. विश्रांती म्हणजे काय हे वन्संना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी ह्यांनी तोडगा काढला. खुर्ची आणून दुकानातच ठेवली, बहिणीला तिच्यात बसवलं आणि स्वतः टेबलाशी उभे राहिले.

"मोटर मी गुंडाळतो. तू फक्त सांग."

"तुला येतं?"

"लहानपणी यायचं."

"लहानपणीही येत नव्हतं," वन्सं म्हणाल्या.

मी शाळेला निघाले तेव्हा हे खाचेत तार घालत होते, गिरणीवाला शटरशी उकिडवा बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता आणि वन्सं खुर्चीतून हात लांब करून सांगत होत्या, "अरे उजवीकडून. उजवीकडून घाल, धाकट्या. तो उजवा हात आहे का तुझा?"